टोपलीतली मुशी, पाण्यातली मुशी

कोल्हापूरला समुद्र नाही, घाट आहेत. आंबा घाट, फोंडा घाट आणि गगनबावड्याकडून कोकणात उतरणारे रस्ते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात उठलेली मासळी बर्फात रचून याच वाटांनी वर चढते आणि सकाळी कोल्हापूरच्या बाजारात लागते. सुरमई, पापलेट, बांगडा यांच्या शेजारी कधी एखादी राखाडी, खरखरीत कातडीची, डोळे उघडे ठेवून पडलेली मासळीही असते. मालवणी माणूस तिला मोरी म्हणतो, मुंबईकडे ती मुशी. शाळेच्या पुस्तकात आणि सिनेमात तिचंच नाव शार्क.

उलट्या दिशेची वाहतूकही तितकीच जुनी आहे. शनिवारी पहाटे कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीच्या गाड्या घाट उतरतात आणि दुपारपर्यंत गणपतीपुळे, तारकर्ली, नाहीतर गोवा गाठतात. लहान मुलं पाण्यात शिरताना एक प्रश्न हमखास विचारतात, "इथं शार्क आहे का?" मोठी माणसं हसून "नाही" म्हणतात. हे उत्तर चुकीचं आहे. अरबी समुद्रात शार्क आहेत, कोकणच्या खाड्यांतही त्या येतात. मात्र पाण्यात उतरणाऱ्याला त्यांच्यापासून धोका किती आणि त्यांना आपल्यापासून किती, या दोन्ही बाबतींत समज बरीच कच्ची आहे.

आधी टोपलीतली मुशी पाहू. शार्क आणि पाकट एकाच कुळातले. दोघांच्याही अंगात हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा. त्यांच्या रक्तात युरिया असतो. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो आणि मासा उग्र वासाचा लागतो. म्हणून मालवणी घरात मोरीला आधी गरम पाणी लागतं. त्यात बुडवली की वाळूच्या कागदासारखी कातडी घासून निघते. मग कोकमाचं आगळ आणि तिखटजाळ वाटप. काटे नसल्यामुळे ती लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या ताटात निर्धास्त वाढता येते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देण्याची रीतही कोकणात आहे. या रितीकडे मात्र आता नव्याने बघायला हवं. मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी टाळण्याच्या माशांच्या यादीत शार्कचं नाव घातलं आहे. मासा जितका मोठा आणि वयस्कर, तितका पारा जास्त.

मुशी धरण्यावर मर्यादा हव्यात, ही चर्चा भारतात उशिरा सुरू झाली आणि ती सुरू व्हायला कारण ठरला जगातला सर्वांत मोठा मासा. व्हेल शार्क अठरा मीटरपर्यंत वाढतो. त्याला माणसात काडीचा रस नाही, तो पाणी गाळून प्लवक खातो. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडत आणि मांस परदेशी जाई. माइक पांडे यांनी या शिकारीवर केलेला 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट २००० साली आला आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. वाघाच्या पंक्तीला बसलेला हा पहिला मासा.

मग सरकारने एकदम लांब उडी मारली. जुलै २००१ मध्ये शार्क आणि पाकट यांच्या सगळ्याच जाती पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. किनाऱ्यावर गदारोळ झाला, आणि तो अकारण नव्हता. जाळं सुरमईसाठी टाकलेलं असतं. त्यात मुशी आली तर ती बहुतेक वेळा मेलेलीच वर येते, आणि तेवढ्यावरून नाखव्याला वाघाच्या शिकाऱ्याइतका गुन्हेगार ठरवायचं? डिसेंबर २००१ मध्ये यादी दहा जातींवर आली. व्हेल शार्क, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क, करवत मासे, काही पाकट अशा मोजक्याच जाती तिच्यात राहिल्या.

पुढचे नियम शार्कच्या परांसाठी झाले. पूर्व आशियात शार्कच्या परांच्या सुपाला मोठा भाव. पर कापून घ्यायचे आणि जिवंत धड समुद्रात ढकलून द्यायचं, हा त्यातला सर्वांत क्रूर प्रकार. २०१३ मध्ये केंद्राने दंडक घातला, की शार्क बंदरावर आणायची तर पर अंगाला जोडलेले असतील अशीच आणायची. फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्व जातींच्या शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. चोरवाट बंद झाली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला छापे घातले, तेव्हा सुमारे आठ हजार किलो पर हाती लागले. एका शार्कचे वाळवलेले पर वजनाला किती हलके असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्यामागची संख्या सांगायला नको. पुढे २०२२ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. संरक्षित जातींची यादी वाढली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींसाठी वेगळी अनुसूची आली.

कायद्याच्या जोडीला माणसं वळवावी लागतात, हे गुजरातने दाखवलं. २००४ पासून वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली. कथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्कला 'व्हाली' म्हणजे लाडकी म्हटलं आणि ती माहेरपणाला किनाऱ्यावर येणारी लेक आहे, असं मच्छीमारांना सांगितलं. लेक म्हटल्यावर तिच्यावर आकडी कशी टाकणार? शिवाय तिला सोडण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाईही सुरू झाली. त्यानंतर शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले गेले आहेत.

महाराष्ट्राने हाच धागा डिसेंबर २०१८ मध्ये उचलला. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजनेनुसार संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रं किंवा चित्रीकरण लागतं. कासवं, डॉल्फिन आणि व्हेल शार्क यांना याचा लाभ झाला. व्हेल शार्क दिसायलाच प्रचंड, अंगावर पांढरे ठिपके. तो ओळखायला पुस्तक लागत नाही.

अडचण सुरू होते ती लहान मुशीपाशी.

महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त मिळते ती चपट्या, फावड्यासारख्या नाकाची छोटी मुशी. ही जात हात-दीड हाताच्या वर सहसा जात नाही, वीतभर-दीडवीत लांबीलाच वयात येते आणि एका वेताला बरीच पिल्लं देते. मुशींमध्ये मासेमारीचा मार त्यातल्या त्यात सोसू शकणारी हीच. तिच्याच टोपलीत काळ्या परांच्या ब्लॅकटिप शार्कची पिल्लं येतात. ती जन्मतःच अर्धा मीटरहून लांब असतात आणि मोठी झाली तर दोन मीटरच्या पुढे जातात. हातोडीसारख्या डोक्याच्या हॅमरहेडचीही पिल्लं असतात. तीही जन्मताना साधारण तेवढीच. म्हणजे कोल्हापूरच्या बाजारात हातभर लांबीच्या दोन मोऱ्या शेजारी पडल्या, तर त्यातली एक चार वेळा व्यालेली आजी असू शकते आणि दुसरी महिन्यापूर्वी जन्मलेलं पोर. दोघींचा भाव एकच.

शार्कचं सगळं गणित इथेच फसतं. बांगडा लाखांनी अंडी घालतो. मोठ्या शार्क वयात यायलाच काही वर्षं घेतात, पिल्लं महिनोन् महिने पोटात वाढवतात आणि एका वेताला मोजकीच देतात. पिल्लांसाठी त्या उथळ, गढूळ, किनाऱ्यालगतचं पाणी निवडतात, कारण तिथे मोठे शत्रू कमी. ट्रॉलर आणि गिलनेटही त्याच पाण्यात फिरतात. बाळंतपणाच्या खोलीतच जाळं पडतं.

किती उशीर होऊ शकतो याचा एक दाखला मुंबईत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर उतरलेल्या मासळीत २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी अभ्यासकांच्या नजरेस पडली. ती गंगा शार्क होती. जगातल्या सर्वांत दुर्मीळ शार्कमधली ही जात कित्येक वर्षांत कुणाला खात्रीने दिसली नव्हती. कायद्याने तिला २००१ पासून पूर्ण संरक्षण होतं. बंदरावर मात्र ती इतर मुशींसारखीच एक मुशी होती. तिला जाळ्यात ओळखणारं कुणी नव्हतं, आणि ओळखून उपयोग होण्याची वेळही तोवर टळलेली होती.

आकड्यांत हे चित्र आणखी स्पष्ट दिसतं. शार्क आणि पाकट धरणाऱ्या देशांत इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारताचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं. २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटली. परांच्या निर्यातीवर बोट ठेवणं सोपं आहे, पण आपल्याकडे मांसाची देशी बाजारपेठही आहे. पर्यटकांसाठी 'बेबी शार्क' म्हणून पदार्थ विकले जातात, तेव्हा ते नाव शब्दशः खरं असतं.

महाराष्ट्रात मासेमारीला चौकट आहे. सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे, २०२१ मध्ये तो कडक झाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई आहे, पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आहेत. २०२३ मध्ये राज्याने पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवून दिली. मात्र अमुक इतक्याच मुशी धराव्यात असा कोटा आपल्याकडे नाही, आणि किमान लांबीचा नियम मुशीला लावायचा तर आधी जात ओळखावी लागते. एकीची पूर्ण वाढ ही दुसरीची जन्माची लांबी आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात नियम वेगळ्या घडणीचे आहेत. तिथे हौशी गळवाल्याला दिवसाला एकच शार्क ठेवता येते आणि बोटीवर कितीही माणसं असली तरी दोनपेक्षा जास्त नाहीत. हॅमरहेड लागली तर सोडूनच द्यायची. २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क धरणाऱ्याला वेगळा परवाना लागतो, त्याआधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि शार्क जवळ यावी म्हणून किनाऱ्यावरून पाण्यात रक्त-मांस टाकायला बंदी आहे. शेवटचा नियम पोहणाऱ्यांनाही उपयोगी आहे. पण हे सगळं हौसेच्या मासेमारीसाठी. मालवणच्या गिलनेटवाल्याला 'दिवसाला एक' सांगून उपयोग नाही. त्याच्या जाळ्यात काय यावं हे तो ठरवत नाही. जिवंत आलेलं काय सोडावं, हे मात्र ठरवू शकतो.

आता पाण्यातली मुशी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीला गेलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. त्याचे व्हिडिओ कोल्हापूरपर्यंत फिरले. 'नदीत शार्क कशी' हा सगळ्यांचा प्रश्न होता. ती बुल शार्क होती. या जातीची मूत्रपिंडं गोड्या पाण्यातही अंगातले क्षार टिकवून धरतात, त्यामुळे ती खाडीतून नदीत चढू शकते. मादी पिल्लं घालायला खाडीच्या आतल्या अंगाला येते. वर वर्णन केलेलं बाळंतपणाचं पाणी ते हेच. ही शार्क नंतर मेलेली आढळली.

घटना खरी होती आणि भयंकर होती. त्याचबरोबर ती विरळाही होती. फ्लोरिडातली एक संस्था जगभरातल्या शार्कहल्ल्यांची नोंद ठेवते. २०२४ मध्ये कुणी न डिवचता झालेले हल्ले तिच्या नोंदीत जगात ४७ आहेत आणि त्यांतले मृत्यू चार. त्याउलट, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात भारतात बुडून झालेले मृत्यू ३८ हजारांहून अधिक आहेत. यात विहिरी, तळी, नद्या सगळं आलं. पण दोन आकड्यांतली दरी त्याने भरून निघत नाही.

ज्या देशांत शार्कचा धोका खरोखर आहे तिथेही उपायांनी नवे प्रश्न उभे केले. सिडनीच्या किनाऱ्यांवर १९३७ पासून जाळी लावली जातात. ती सलग भिंत नसते, शार्क वरून-खालून येऊ शकते, आणि कासवं, डॉल्फिन, पाकट त्यात गुदमरून मरतात. ब्राझीलच्या रेसिफे शहराची गोष्ट आपल्या किनारपट्टीने नीट वाचावी अशी आहे. शहराच्या दक्षिणेला सुआपे बंदर बांधताना खाड्यांची मुखं आणि कांदळवनं उद्ध्वस्त झाली. १९९२ पासून पोहणाऱ्यांवर हल्ले सुरू झाले. बुल शार्कची पिल्लं घालण्याची जागा गेली आणि त्या शहराच्या किनाऱ्याकडे सरकल्या, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तिथल्या वाळूत आजही इशाऱ्याचे फलक उभे आहेत. जिथे खाडी बुजते, तिथे मुशीही जागा बदलते.

कोल्हापूरच्या पर्यटकाला खरा धोका पाण्याच्या ओढीचा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडला सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ विद्यार्थी गेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. यातल्या कुठल्याच घटनेत मासा नव्हता.

देशावरच्या माणसाची एक अडचण आहे. तो पंचगंगेच्या घाटावर किंवा शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेला असतो, आणि आपण पट्टीचे पोहणारे आहोत असं त्याला वाटतं. नदीचं पाणी एकाच बाजूला ओढतं, विहिरीचं कुठेच नाही. समुद्राच्या लाटा किनाऱ्याकडे पाणी आणतात आणि ते एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात परत जातं. वरून हा पट्टा शांत दिसतो, लाटा तिथे फुटत नाहीत. नवखा माणूस सुरक्षित समजून नेमका तिथेच उतरतो. त्यात सापडल्यावर किनाऱ्याकडे थेट पोहत गेलं, तर पट्टीचा पोहणाराही थकतो. अंग पाण्यावर सैल सोडावं, हात वर करून हाक मारावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघावं. ओहोटी लागलेली असताना, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि जून ते सप्टेंबर कंबरभर पाण्यातही जाऊ नये.

दुसरा धोका मुशीच्या चुलतभावाचा, पाकटाचा. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला साठहून अधिक भाविकांना पाकटाच्या शेपटीचे काटे लागले. पाकट हल्ला करत नाही. वाळूत अंग पुरून पडलेलं असतं, पाय पडला की शेपटी मारतं. उथळ, गढूळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत चालावं, म्हणजे ते आधीच सरकतं. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपसू नये, तसंच रुग्णालय गाठावं.

तिसरा जेलीफिशचा. पावसाळ्यात मुंबईच्या जुहूला निळ्या बाटलीसारखे जीव वाहून येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून अधिक जणांवर जीवरक्षकांनी जेलीफिशच्या दंशासाठी उपचार केले. दंशाची जागा चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू हातमोज्याने किंवा जाड कागदाने काढावेत. श्वास लागला, उलटी झाली तर डॉक्टर.

शार्कपुरतीच काळजी घ्यायची तर ती थोडक्यात आटोपते. खाडीच्या मुखाशी गढूळ पाण्यात, मावळतीला किंवा अंधारात पोहू नये. जिथे मासळी धुतात आणि आतडी टाकतात तिथे उतरू नये. रापणीचं जाळं ओढलं जात असताना त्याच्या मध्ये घुसू नये.

आढावा घेतल्यावर निवाडा असा निघतो. कायदा आपल्याकडे अपुरा नाही, पण तो नावांनी लिहिलेला आहे आणि बाजार आकाराने चालतो. मिरकरवाडा, मालवण, ससून डॉक इथे लिलावाच्या जागी संरक्षित जाती आणि मोठ्या मुशींची पिल्लं ओळखणारे चित्रफलक मराठीत लागले, तर पोरं आणि आजी यांतला फरक निदान घेणाऱ्याला कळेल. असा एक फलक कोल्हापूरच्या मासळी बाजारातही हवा. तोवर गिऱ्हाईकाने एवढं करावं: लांब, चपट्या नाकाची आणि परांवर काळे डाग नसलेली छोटी मोरी घ्यावी. परांची टोकं काळी असलेली किंवा हातोडीसारख्या डोक्याची मोरी टोपलीतच राहू द्यावी, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या मावशींना सांगावं. आणि शनिवारी घाट उतरण्याआधी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवाव्यात, किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाण्यात कुठे उतरायचं ते तिथल्या होडीवाल्याला विचारावं, आणि कुणी ओढीत सापडलंच तर मागे उडी न टाकता दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकून ११२ वर फोन लावावा.